निर्वात पेटीतला वास

वहिनींना माणसांची किळस यायची. नटवेपणानं नाही, अगदी मनापासून यायची. कोणी खोकलं की त्यांचा श्वास आपोआप थांबायचा. कोणी बोट जिभेला लावून कागद उलटला, की तो कागद त्या पुन्हा हातात धरायच्या नाहीत. जेवताना समोरचा मचमच करायला लागला, की त्यांचा स्वतःचा घास घशात अडकायचा. आणि लग्न होऊन पडल्या कुठं? तर ढेकर देऊन वर "वा!" म्हणणारे सासरे आणि ओला टॉवेल पलंगावर फेकणारा नवरा. आता बोला!

पण त्यांच्या धंद्यात हीच किळस कामाची होती. सासऱ्यांचा कारखाना काचांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवून आरसे करण्याचा. दातांच्या डॉक्टरांचे इवलेसे आरसे, दिव्यांच्या मागच्या चकचकीत वाट्या, असला सगळा माल. एक पोलादी चेंबर होतं, उभ्या माणसाला आत वाकून शिरता येईल एवढं. त्यात काच पालथी टांगायची, खाली तारेच्या वेटोळ्यात ॲल्युमिनियमचे तुकडे अडकवायचे, दार घट्ट लावून पंपानं आतली हवा उपसायची आणि मग वेटोळं लालभडक तापवायचं. ॲल्युमिनियमची वाफ होते, वर जाते, काचेवर बसते. झाला आरसा. पण काचेवर बोटाचा एक ठसा जरी राहिला, तरी तेवढ्या जागी थराचा पापुद्रा सुटतो. म्हणून चेंबर वहिनींच्या ताब्यात होतं. त्या पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या, लग्नाआधी कॉलेजात शिकवलेलंही होतं. तोंडाला मास्क, हातात मोजे, डोक्याला टोपी असा सगळा जामानिमा केल्याशिवाय त्या चेंबरच्या दाराला हातसुद्धा लावायच्या नाहीत.

काचा धुणारी एक बाई होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. वहिनी या घरात यायच्या आधीपासून ती तिथं काचा धूत आलेली. काम चोख, त्यात शंका नको. पण नाक! ते सदा गळायचं आणि ते पुसायला रुमाल नाही, मनगट. डोक्याला तेल एवढं, की कपाळाला ओघळ. वहिनी तिच्याशी बोलायच्या त्या दोन हात लांब उभ्या राहून, तोंड जरा बाजूला करून. मावशीला यातलं काही कळत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

तर झालं असं, की एका वेधशाळेचा मोठा आरसा कारखान्यात आला. मोटारीच्या चाकाएवढा. जुना थर उतरवून नवा चढवायचा होता. मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची, छाती फुगली. आल्यागेल्याला ते तो आरसा दाखवायला नेत आणि दाखवताना त्याच्यावर वाकून इतकं बोलत, की वहिनी मागून ओरडत, "मामंजी, थुंकी उडतेय!"

पहिला थर चढवला तो धुरकट आला. तोंड दिसत होतं, पण आंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशात दिसावं तसं. तो उतरवला, काच पुन्हा धुतली, पुन्हा चढवला. पुन्हा तेच! वेधशाळेच्या माणसानं फोनवर सरळ सांगितलं, अजून एकदा करून बघा, नाही जमलं तर आम्ही आरसा उचलतो.

मामंजींनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलामागं ते स्वतः, शेजारी त्यांचे चिरंजीव, म्हणजे वहिनींचे यजमान. हे गृहस्थ बापासमोर कायम मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचे, म्हणजे मान हलवावी लागत नाही आणि नकारही द्यावा लागत नाही.

"कुणामुळं झालं हे?" मामंजींनी विचारलं. "सूनबाई, चेंबर तुझं आहे. बोल."

वहिनी बोलल्या. बोलायला एक क्षणसुद्धा लागला नाही. "चेंबर ठीक आहे. हवेच्या दाबाचा काटा बरोबर दाखवतोय. दोष काचेत आहे. काच नीट धुतली जात नाही. हात..." आणि त्या थांबल्या. पण थांबताना त्यांची नजर जिथं जायची तिथं गेली, आणि तिच्यामागोमाग सगळ्यांची गेली.

मावशी दाराशी उभी होती. मनगट नाकाकडं निघालं होतं, ते अर्ध्यावर थांबलं.

"इकडं ये," मामंजी म्हणाले. "हात दाखव. टेबलावर ठेव. उलटे कर. नखं बघू."

तिनं टेबलावर हात ठेवले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. सगळे वाकून बघत होते. पॅकिंगवाला तर चष्मा सरसावून बघत होता. वहिनींना त्या सगळ्या प्रकाराचीच किळस आली, पण थांबवणार कुठल्या तोंडानं? शेवटी आपण म्हणालो तेच तर चाललंय.

"तू आता घरी थांब," मामंजींनी निकाल दिला. "या वेळची काच सूनबाई धुईल. आरसा साफ आला तर मग तुझं काही काम उरलं नाही बघ इथं."

"मालक, मी साबणानं तीन तीनदा..." मावशी म्हणाली.

"झालं ना बोलून?"

ती गेली. टेबलावर तिच्या तळव्यांचे दमट ठसे राहिले होते, ते मामंजींनी रुमालानं पुसले आणि त्याच रुमालानं आपलं तोंड पुसलं. शी!

मोठ्या आरशाला हात लावण्याआधी वहिनींनी शहाणपणा केला. काचेचे छोटे तुकडे घेतले आणि ते स्वतः धुतले. असे धुतले, की त्यांच्यावर पाण्याचा थेंब टिकेना, पसरूनच जायचा. चेंबरमध्ये टांगले, हवा उपसली, थर चढवला, दार उघडलं.

धुरकट.

वहिनींनी तो तुकडा उजेडात धरून उलटसुलट बघितला. मग केबिनमध्ये जाऊन नवऱ्यासमोर टेबलावर ठेवला. "हा मी धुतला होता."

"मग तुझ्याही धुण्यात काहीतरी राहिलं असेल," यजमान मोबाईलमधून मान न काढता म्हणाले. "नाहीतर मावशीनंच जाता जाता चेंबर घाण केलं असेल. डूख धरतात ही माणसं."

"ही माणसं म्हणजे कोण?"

"अगं, आपलं बोलायची पद्धत."

वहिनींना त्या वेळी नवऱ्याची जी किळस आली, ती ओल्या टॉवेलाच्या किळसेपेक्षा फार वरच्या दर्जाची होती. आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं, की परवा आपणही याहून काही वेगळं बोललेलो नाही. शब्द तेवढे जरा सोवळे होते.

आता धुणं कुठं चुकतं आणि चेंबर कुठं चुकतं, हे वेगळं काढायचं कसं? वहिनींना कॉलेजातला फळा आठवला. हवेचे रेणू बंदुकीच्या गोळीच्या वेगानं धावतात, असं त्या मुलांना सांगायच्या, आणि एखादा आगाऊ पोरगा हमखास विचारायचा, "मॅडम, मग वर्गात मागं कोणी डबा उघडला तर वास लगेच का येत नाही?" कारण बाबा, धावतो खरा, पण त्याला मोकळी वाट मिळते केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी. तेवढं गेला की दुसऱ्यावर धडक, दिशा बदलली. पुन्हा तेवढं गेला की पुन्हा धडक. दोन धडकांमधल्या त्या सरासरी अंतराला मुक्त पथ म्हणतात. हवा उपसत न्याल तसतसे रेणू विरळ होतात आणि हा मुक्त पथ वाढत जातो. चेंबर नीट निर्वात झालं, तर तो चेंबरपेक्षा लांब होतो. मग ॲल्युमिनियमचा अणू वेटोळ्यावरून निघाला, की वाटेत कुणाला न धडकता थेट काचेवर जाऊन बसतो. आत भलतं काही राहिलं असेल, तर तो धक्के खात, वाट चुकत, कसाबसा पोचतो, आणि येताना बरोबर घाण घेऊन येतो.

आणि सरळ जाणाऱ्या गोष्टीची सावली रेखीव पडते. एवढंच तर बघायचं होतं!

त्यांनी काचेच्या नव्या तुकड्याच्या खाली, वेटोळ्याच्या वाटेत, पत्र्याची एक पट्टी आडवी बसवली. हवा उपसली, थर चढवला. व्हॅक्यूम चांगलं असेल तर पट्टीच्या आडोशाची काच कोरी राहायला हवी, कड सुरीनं कापल्यासारखी. काच नीट धुतलेली नसेल तर थर डागाळेल, सोलून निघेल, पण आडोशाला काही जाणार नाही. धुणाऱ्याच्या हातानं सावली बिघडत नाही.

तुकडा बाहेर काढला. आडोशाची जागा कोरी नव्हती. कडेपासून आतपर्यंत करडा थर पसरला होता, पट्टी तिथं होती की नव्हती असं विचारावं इतका. अणू वाटेत धडकून धडकून पट्टीला वळसा घालून आडोशाला शिरले होते.

म्हणजे हात नव्हेत. चेंबर. वहिनींचं चेंबर!

काटा तर बरोबर दाखवत होता. पण काटा होता पंपाच्या तोंडाशी. तिथं सगळं आलबेल असणारच. वेटोळं तापलं, आतल्या भिंती तापल्या, की भिंतींना चिकटलेलं जे सुटतं ते त्या काट्याला कुठलं कळायला? वहिनींनी पंपाचं तेल बघितलं. मधासारखं दिसायला हवं ते ताकासारखं पांढुरकं झालं होतं. तेलात पाणी. चेंबरमध्ये पाणी कुठून येणार? त्यांनी दार सताड उघडलं आणि एक गोष्ट केली, जी त्यांनी आजवर कधी केली नव्हती. तोंडावरचा मास्क काढला आणि आत डोकं घालून वास घेतला.

अरे देवा! आंबट, दमट, कुबट. खूप दिवस बंद राहिलेल्या ओल्या चामड्याचा आणि त्यात मिसळलेला माणसाचा, पायाचा, बोटांच्या बेचक्यांतला वास. वहिनी मोरीपर्यंत पोचल्या आणि भडाभडा ओकल्या. ज्या बाईचं नाक सगळ्या घरात तिखट, ती इतके दिवस या वासात वावरत होती, तोंडाला फडकं बांधून.

वास ओळखीचा होता. घरी रोज संध्याकाळी दारात तो यायचा. पण हल्ली काही दिवस येत नव्हता, आणि वहिनींनी मनातल्या मनात देवाचे आभारही मानले होते.

दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला बाहेर पडत. मामंजी मात्र हल्ली थांबत. "तुम्ही व्हा पुढं, मी जरा पडतो." त्या दिवशी वहिनी बाहेर पडल्या आणि कोपऱ्यावरूनच माघारी फिरल्या. पंप धडधडत होता. चेंबरसमोर खुर्ची टाकून मामंजी बसले होते, अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांची बोटं फाकवून वाऱ्याला धरलेली. चेंबरच्या काचेच्या खिडकीतून आत त्यांचे बूट दिसत होते, जिथं वेधशाळेचा आरसा टांगायचा त्याच्या बरोबर खाली. बुटांत मोजेसुद्धा होते.

"मामंजी!"

ते दचकले, पण शरमेचं नाव नाही. "ये, ये. बघ, तुझंच विज्ञान वापरतोय. व्हॅक्यूममध्ये ठेवलं की ओल खेचली जाते. अर्ध्या तासात बूट कोरडे ठणठणीत! क्लबात गालिच्यावर बूट काढून बसावं लागतं गं, लोक नाकं दाबायला लागले होते. आता कोणाची काय बिशाद. वास गायब!"

"गायब होऊन जातो कुठं?"

"कुठं म्हणजे? जातो."

"जातो कुठं, मामंजी?"

मामंजींनी चेंबरकडं बघितलं, पंपाकडं बघितलं. कारखाना त्यांचा होता, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

"भिंतींना चिकटतो," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, घरात कधी चढला नव्हता इतका. "तेलात जातो. तुमच्या पायाचा घाम, मोज्यांचा मळ, सगळं त्या भिंतींवर बसलंय. वेटोळं तापलं की ते सुटतं, आणि तेच आपण आरशावर चढवतोय. वेधशाळेच्या आरशावर! लोक त्यातून तारे बघणार आहेत, आणि आपण त्यांना... शी! शी शी शी!"

तेवढ्यात यजमान जेवून आले. काय झालं ते कळायला त्यांना बापाचे अनवाणी पाय आणि चेंबरच्या खिडकीतून दिसणारे बूट पुरले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कारखान्याचं दार लोटून घेतलं.

"हळू बोल. घरातली गोष्ट आहे, घरात ठेवू. चेंबर साफ करून टाक, तेल बदल, झालं. कुणाला कशाला सांगायचं?"

"आणि मावशी?"

"तिला काय, दुसरीकडं मिळेल काम."

"हात धुता येत नाहीत म्हणून काढलेल्या बाईला?"

मामंजी शांतपणे पँटच्या घड्या खाली सोडत होते. "हे बघ सूनबाई," ते म्हणाले, "बूट माझे, कबूल. पण मावशीचं नाव मी घेतलं नव्हतं. मी विचारलं कुणामुळं, तर तू तिच्याकडं बघितलंस. मला काय माहीत काचेचं? एम.एस्सी. तू."

म्हातारा खरं बोलत होता, हाच त्यातला सगळ्यात ओंगळ भाग होता. वहिनींना वाटलं, या माणसानं निदान आता तरी खोटं बोलायला हवं होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली. बाहेरच्या घाणीची आली तर मास्क लावता येतो, हात धुता येतात. हिचं करायचं काय?

त्यांनी हातातले मोजे काढून खुर्चीवर टाकले. "चेंबर मी घासते. आतून, हातानं. पण आरसा मावशीच धुतील. आणि तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं, की दोष त्यांच्या हातांचा नव्हता. तोवर मोठ्या आरशासाठी मी वेटोळ्याला वीज देणार नाही. वेधशाळेला काय कळवायचं ते तुम्ही कळवा."

"सासऱ्याला अट घालतेस?" मामंजी म्हणाले.

"घालते."

यजमानांनी बापाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि शेवटी मोबाईल काढला. मामंजींनी मात्र आरशाकडं बघितलं. तो हातचा जाईल, क्लबात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे गणित त्यांना लगेच जमलं. "आण जा तुझ्या मावशीला," ते म्हणाले. "सांगतो काय सांगायचं ते. बुटांचं तेवढं राहू दे." वहिनींनी वाद घातला नाही, पण बुटांचं राहू देणार आहोत असंही कबूल केलं नाही.

चेंबर घासायला दोन दिवस लागले. भिंतींवरून फडक्याला जे पिवळट, चिकट येत होतं, ते बघून वहिनी दोनदा मोरीकडं धावल्या. पॅकिंगवाला मदतीला येऊ लागला तर त्यांनी त्याला हाकललं. तिसऱ्या दिवशी छोट्या तुकड्यावर पट्टीची सावली पडली ती कोरी, कड रेखीव. मग त्या मावशीकडं निघाल्या.

मावशीची खोली एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला होती. जिना ओला, भिंतीला हात लावू नये असा, कोपऱ्याकोपऱ्यात केर. वहिनींनी सवयीनं श्वास धरला. मग त्यांनी तो मुद्दाम सोडला आणि चढल्या.

मावशी दारातच बसली होती. वहिनींना बघून ती गडबडीनं उठली आणि हात मागं नेले.

"मावशी, मी सांगायला आले," वहिनी उभ्याउभ्याच बोलायला लागल्या, कारण बसल्या असत्या तर शब्द सुचले नसते. "दोष तुमच्या हातांचा नव्हता. चेंबरच घाण झालं होतं. मामंजी त्यात बूट ठेवत होते, वाळवायला. तुमची काच स्वच्छच होती. मीच चुकीचं बोट दाखवलं. मालक सगळ्यांसमोर सांगणार आहेत. उद्यापासून या."

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. ती चिडली नाही, रडली नाही. "बुटांचा होय तो," ती म्हणाली. "मला यायचा वास, टांगायला काच आणून द्यायचे तेव्हा. मला वाटलं, माझाच येतोय."

"तुमचा?"

"तुम्ही लांब उभ्या राहायच्या ना नेहमी. म्हटलं, येत असेल. आपला आपल्याला कळत नाही म्हणतात." तिनं नाक ओढलं. "म्हणून मग घरी बसले तेव्हा घासत होते. साबणानं भागेना म्हणून फरशी धुवायचा तो सोडा असतो ना, कडक, तो घेतला."

"हात बघू."

मावशी देईना. वहिनींनी ते ओढूनच पुढं घेतले. तळव्यांची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांत लाल भेगा पडल्या होत्या, नखांच्या कडेनं पाणी सुटलेलं. ते हात वहिनींच्या हातात होते, ओले, चिकट, आणि त्यांना त्यांची किळस आली नाही. 

"हे असं का केलंत हो?" त्या कशाबशा म्हणाल्या. "दवाखान्यात चला आधी. काम राहू दे. बरे होऊ देत."

"होतील की," मावशी म्हणाली आणि हात सोडवून घेतले. "बसा ना. पहिल्यांदा आलात."

वहिनी खाली बसल्या.  आयुष्यात कुणा परक्या घरचं पाणी न प्यालेल्या त्या बाई म्हणाल्या, "मावशी, जरा पाणी द्याल?"

मावशीचा चेहरा उजळला. ती लगबगीनं आत वळली, माठापाशी गेली, पेला उचलायला हात पुढं केला. आणि थांबली. आपल्या हातांकडं बघितलं. मग दाराशी येऊन शेजारच्या खोलीकडं तोंड करून तिनं हाक मारली.

"अगं ए, जरा ये गं. आमच्या वहिनी आल्यात, त्यांना तेवढं पाणी दे तुझ्या हातानं. माझा नको लागायला."

त्यात टोमणा असेल म्हणून वहिनींनी वर तिच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा नव्हता.